पाच मिनिटं दहा सेकंद

टॉवेल मी घडी घालून ठेवला.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी कोल्हापुरात राजाराम तलावावरच्या ट्रायथलॉनमध्ये माझं बरंच काही चुकलं, पण बाकी सगळं मी विसरू शकते, टॉवेल नाही. ७५० मीटर पोहून आले, धापा टाकत सायकलीपाशी पोचले, पाय पुसले, आणि कडेला कडा जुळवून टॉवेलची चौघडी केली. ती बादलीत ठेवली. वरून हातानं एकदा दाबलीसुद्धा, सुरकुती राहू नये म्हणून. शेजारच्या स्टँडवरचा पोरगा माझ्यानंतर पाण्यातून आला होता. माझी घडी पूर्ण होईपर्यंत तो हेल्मेट घालून, सायकल काढून, पार रस्त्याला लागला होता.

सासूबाईंच्या हाताखाली बावीस वर्षं काढली की हे असं होतं. आमच्या घरात ओला टॉवेल गोळा करून टाकणं हा जवळजवळ फौजदारी गुन्हा आहे.

तर, स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण दुकानात रोज सांगावंच लागतं. ७५० मीटर पोहायचं, लगेच २० किलोमीटर सायकल, लगेच ५ किलोमीटर पळायचं. घड्याळ मधे कुठंही थांबत नाही. कपडे बदललेत तरी चालूच. त्या कपडे-बुटांच्या भानगडीला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात आणि त्याचा वेळ निकालपत्रात वेगळा छापून येतो, म्हणजे लपवायची सोय नाही. माझं पोहणं २३ मिनिटं ४० सेकंद. पहिलं ट्रान्झिशन ५ मिनिटं १० सेकंद. निकालाचा कागद बघून नवऱ्यानं विचारलं, “यात तू चहा घेतलास का?”

सांगलीत आमचं मेडिकल आहे. सकाळी नऊ ते दोन, संध्याकाळी पाच ते साडेनऊ. मी स्वतः फार्मासिस्ट. वय पंचेचाळीस. या वयात हे कुठून डोक्यात आलं, असं विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही, नी-कॅपच्या साइझा दाखवते. खरं कारण अगदी साधं आहे. शुगरच्या गोळ्या न्यायला येणारी माझ्याच वयाची गिऱ्हाइकं वाढत चालली होती. मी पळायला लागले, मग पळून गुडघा धरला, मग सायकल घेतली, मग कुणीतरी म्हणालं, तुम्हाला पोहायला येतं ना? मग राहिलं काय?

पोहायला मला येत होतं. विहिरीतलं.

माझं माहेर तासगाव तालुक्यात. द्राक्षबाग, थोडा ऊस, आणि बागेच्या कडेला जुनी दगडी विहीर. तिसरीत असताना अण्णांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला आत सोडलं होतं. पंधरा दिवसांनी डबा सुटला आणि महिन्यात मी कठड्यावरून मुटका मारायला लागले. पण विहिरीतल्या पोहण्यात तोंड पाण्यात घालायचं नसतं. मान वर, डोळे उघडे, हातपाय बेडकासारखे. पाण्यावर पालापाचोळा असतो, क्वचित दिवड, म्हणजे पाणसापही असतो. बघून पोहायचं असतं.

फ्रीस्टाइल मी शिकले ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, दुपारी चारच्या लेडीज बॅचला. ही लेडीज बॅच नेहमी अशाच वेळेला का असते, जेव्हा घरातल्या बाईला चहा टाकायचा असतो आणि पाणी उकळत्या उन्हाखाली असतं, याचा कुणीतरी शोध घ्यावा. मला दुकानाच्या सुट्टीमुळे जमत होतं, एवढंच. तीन महिने बुडबुडे काढले, नाकात पाणी घेतलं, आणि कसंबसं न थांबता दोनशे मीटर जमायला लागलं. त्याच आठवड्यात टँक दुरुस्तीसाठी बंद झाला. कधी सुरू होईल ते विचारायला गेले की दर वेळी ‘पुढच्या सोमवारी’. ते सोमवार मी मोजायचे सोडले आणि माहेरी फोन केला.

ऑगस्ट संपत आला होता, विहीर वरच्या पायरीपर्यंत भरलेली. दर रविवारी पहाटे सांगलीहून सायकलीनं निघायचं, माधवनगर, कवलापूर करत घरी पोचायचं आणि तशीच विहिरीत उतरायचं. माझा धाकटा भाऊ यातलं एक अक्षर न कळता माझा कोच झाला. त्यानं पहिल्या दिवशी दोरी धरून विहीर मोजली. तीस फुटांचा व्यास. कडेपासून हात-दीड हात आत राहिलं की एक चक्कर बरोबर २५ मीटर. म्हणजे ३० चकरा.

पोहताना आकडा डोक्यात राहत नाही. म्हणून भाचा कठड्यावर तीस चिंचोके घेऊन बसायचा. माझी एक चक्कर झाली की एक चिंचोका ढिगातून वाटीत. ढीग संपला की ओरडायचा, “आत्या, बास!” एकदा मला अठ्ठाविसाव्यालाच थांबवलं. चिंचोके भाजलेले होते, त्यातले दोन साहेबांनी खाल्ले होते.

अण्णा आंब्याखाली खुर्ची टाकून बसायचे. ७८ वर्षांचे आहेत. त्यांना सगळं मान्य होतं, फक्त एक सोडून. “तोंड पाण्यात घालून कुठं जाणार हायस? दिसणार कसं तुला?” मी त्यांना डोकं खाली ठेवलं की पाय वर येतात, पाण्याचा अडथळा कमी होतो वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी तोच प्रश्न विचारला.

मला श्वास उजवीकडं घ्यायची सवय. श्वास घेताना भिंत दिसावी म्हणून मी भिंत उजव्या हाताला ठेवायची. म्हणजे देवळात घालतो त्याच्या बरोबर उलटी प्रदक्षिणा. तीस चकरा, दर रविवारी, अडीच महिने. सतत डावीकडं वळत. तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही.

सायकलीबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की ऊसपट्ट्यात राहणाऱ्यानं ऑक्टोबर संपायच्या आत सायकलीचा सराव उरकून घ्यावा. कारखाने सुरू झाले की रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर दोन माणूस उंच ऊस, पुढं स्पीकरवर गाणी, आणि मागनं तुम्ही कितीही घंटी वाजवा. त्यात ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्या. पातळ टायर त्यावरनं गेलं की संपलं. मी एकदा कवलापूरजवळ अशी आपटले. कोपर सोलवटलं. मागून येणाऱ्या आजोबांनी आधी ती कांडी उचलून स्वतःच्या कॅरिअरला लावली, मग मला विचारलं, “लागलं का बाई?”

आणि खाण्यापिण्याचं. परदेशी जेलच्या पुड्या दुकानात ठेवायचा मला एका सेल्समननं फार आग्रह केला. मी दोन-सव्वादोन तासांच्या शर्यतीला वीस-पंचवीस रुपयांचं ओआरएसचं पाकीट घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं, लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज. चव वाईट आहे. पण ते हगवणीसाठी असतं, मजेसाठी नाही.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला आम्ही तलावावर. शिवाजी विद्यापीठाच्या अंगाला अजून अंधार, पाण्यावर धूर उतरल्यासारखं धुकं, आणि काठावर दोन-अडीचशे माणसं दंडावर नंबर लिहून घेत उभी. माझ्या दंडावर नंबर लिहिणारी कॉलेजची मुलगी म्हणाली, “काकू, हात सैल सोडा.” दिवसभरात मला काकू म्हणणाऱ्यांत ती पहिली. पुढं मी मोजणं सोडलं.

पाण्यात उतरले आणि मला विहीर आठवली. चांगल्या अर्थानं नव्हे. विहिरीत एका वेळी एक माणूस पोहतो. इथं भोंगा वाजला आणि चारी बाजूंनी हातपाय आले. पाणी इतकं गढूळ की स्वतःचं मनगट दिसेना. कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली, डाव्या डोळ्यात पाणी भरलं, श्वास घ्यायला तोंड उघडलं तर लाट आत. दोनशे मीटर पोहायला जिला तीन महिने लागले होते, ती फ्रीस्टाइल अर्ध्या मिनिटात गेली.

मग माझी मान आपोआप वर आली. बेडूक. तिसरीतलं पोहणं. गॉगल कपाळावर सरकवला, आजूबाजूला पाहिलं, चार लोक पुढं जाऊ दिले, श्वास जागेवर आला. खुल्या पाण्यात पोहणारे सगळेच आठ-दहा हातांनी एकदा डोकं वर काढून दिशा बघतात, त्याला ते ‘सायटिंग’ म्हणतात. अण्णा त्याला पोहणं म्हणतात. गॉगल पुन्हा लावून मी फ्रीस्टाइल सुरू केली आणि अगदी लयीत आले. चिंचोके मोजत नव्हते, पण मनात भाच्याचा आवाज होता. छान चाललं होतं. शेजारी कुणाचेच हातपाय लागत नव्हते. इतकं मोकळं पाणी मिळालं म्हणून मी मनातल्या मनात खूशसुद्धा झाले.

“ओ ताई! ओ ताई, उजवीकडं या उजवीकडं! तिकडं कुठं निघालाय?”

बोटीतला पोरगा वल्हं हलवून ओरडत होता. मी डोकं वर काढलं. खुणेचा तरंगता पिवळा बोया माझ्या उजव्या हाताला पार तिकडं, त्याच्याभोवती रंगीत टोप्यांचा घोळका, आणि मी एकटी डावीकडच्या झाडांच्या दिशेनं. अडीच महिने शरीराला जे शिकवलं होतं ते त्यानं इमानदारीनं केलं होतं. विहिरीला भिंत होती, तलावाला नव्हती. ७५०च्या जागी मी आठशे-साडेआठशे तरी पोहले असेन. त्या पोराला मी नंतर शोधलं, सापडला नाही. त्यानं मला ताई म्हटलं होतं, हे नोंदवून ठेवते.

आणि मग ती पाच मिनिटं दहा सेकंद. टॉवेलला जास्तीत जास्त वीस सेकंद गेले असतील, उगीच त्याच्यावर सगळं ढकलत नाही. खरा घोळ टी-शर्टचा. पोहण्याच्या कपड्यांवर सैलसा टी-शर्ट घालायचा, म्हणजे सायकलीवर बरं दिसेल, असं घरी ठरवलं होतं. ओल्या अंगावर टी-शर्ट चढत नाही. तो काखेत दोरखंडासारखा गुंडाळला जातो. दोन्ही हात वर, डोकं आत, एक बाही कानाशी, आणि मागची बाजू खांद्यांच्या मधे अडकलेली, जिथं स्वतःचा हात पोचत नाही. मी तिथं गोल फिरत होते. शेवटी पलीकडच्या रांगेतल्या एका बाईनं, स्वतःचा वेळ जात असताना, येऊन मागून टी-शर्ट खाली ओढला. म्हणाली, “पुढच्या वेळी आतून घालूनच पोहा.” नंतर समजलं की स्पर्धेत दुसऱ्याकडून मदत घेण्यावर बंधनं असतात. कुणी पाहिलं नसावं, किंवा पाहून दया आली असावी.

त्यानंतर मोजे. ओल्या पायात मोजे. मग ओले केस हेल्मेटमध्ये बसेनात म्हणून सोडून पुन्हा बांधले. सायकलीला हात लावायच्या आधी हेल्मेटचा बंद लागलेला पाहिजे, नाहीतर दंड. तो नियम मला पाठ होता, त्यामुळे तीनदा तपासला. रेषेच्या पुढं जाऊनच सायकलीवर बसायचं, तेही पाळलं. नियमांत मी कुठं कमी पडले नाही.

सायकलीच्या चार फेऱ्या होत्या, ५ किलोमीटरची एक. हँडलला दुकानातले चार रबर लावले होते, प्रत्येक फेरीला एक काढून मनगटात घालायचा. गोळ्यांच्या पट्ट्या बांधायचे तेच, लाल. हे मात्र उत्तम जमलं. दुसऱ्या फेरीला माझ्या पुढं एक जण उजवी-डावीकडं बघत थांबला आणि विचारलं, “ही दुसरी का तिसरी?” मी मनगट दाखवलं. पोरं घोळक्यानं शेजारून जायची, “काकू, डावीकडं!”, आणि पंच मोटरसायकलवरून त्यांना सुटं व्हायला सांगायचे, कारण पुढच्याच्या मागं चिकटून वारा चुकवणं इथं चालत नाही. माझ्या मागं कुणी चिकटलं नाही. माझ्यामागं वारा चुकवण्यात काही फायदा नव्हता.

सायकल लावून पळायला निघाले तेव्हा पाय कसे झाले होते ते सांगते. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून तासभर बसलोय, वाढपी जिलबीचा आग्रह करतोय, आणि कुणीतरी एकदम म्हणालं, उठा, गाडी सुटतेय. तसं. पहिला किलोमीटर मी गाडी पकडायला निघालेल्या माणसासारखीच पळाले. दुसऱ्यात पाय मोकळे झाले. ऊन चढलं होतं. परतीच्या वाटेवर एक शाळकरी मुलगी शेजारून गेली, “चला काकू,” म्हणाली, आणि तिच्या मागं मी खरंच शंभरेक मीटर चालले... म्हणजे पळाले. मग तिनं मला सोडलं.

एकूण १ तास ५५ मिनिटं ४५ सेकंद. कमानीखालून आले, गळ्यात पदक पडलं, आणि मी नवऱ्याला शोधत राहिले. तो नव्हता. दहा मिनिटांनी आला, ओठांना तर्री लागलेली. “सव्वादोन तास तरी लागतील म्हणालीस ना? म्हणून म्हटलं मिसळ खाऊन येतो.” मी वेळेच्या आधी आले याचा त्याला आनंद झाला की पश्चात्ताप, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मग मलाही घेऊन गेला आणि स्वतः दुसरी मिसळ खाल्ली.

आता मुद्द्याचं. सोमवारी दुकान उघडल्यापासून जो येतो तो अभिनंदन करतो आणि पुढचं वाक्य असं असतं: “छान, छान. आता हाफ कधी? आणि फुल?” एकानं तर पदक हातात घेऊन विचारलं, “म्हणजे ही लहान मुलांची असते ती ना?”

‘हाफ’, ‘फुल’ अशा लांबच्या ट्रायथलॉन करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ३.८ किलोमीटर पोहून, १८० सायकल मारून वर मॅरेथॉन पळणारी माणसं आमच्या सांगली-कोल्हापुरात काही कमी नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांबद्दल तर मला जास्त आदर आहे. पण लहान अंतर म्हणजे मोठ्याकडं जायची पायरी, हे कुणी ठरवलं? १०० मीटर धावणाऱ्याला कुणी विचारतं का, मॅरेथॉन कधी? बर्मिंगहॅमला २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रायथलॉन झाली ती नेमकी याच अंतराची, ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राची संजना जोशी तिथं भारताकडून उतरली होती. सुवर्ण मिळालं बर्म्युडाच्या फ्लोरा डफीला, ५५ मिनिटं २५ सेकंदांत. माझ्याहून एक तास आणि वर वीस सेकंद कमी. तास सोडा, तो काही माझ्या हातात नाही. पण ते वीस सेकंद म्हणजे टॉवेल.

मला हेच अंतर आवडलं, त्याचं कारण हे. लांब शर्यतीत पाच मिनिटं कुठं गेली कळतही नाही. इथं प्रत्येक सेकंद कुठं सांडला ते दिसतं. सिडनीला २०००मध्ये ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा स्वित्झर्लंडची ब्रिजिट मॅकमहॉन महिलांत पहिली आली ती फक्त २ सेकंदांनी. दोन तासांच्या वर चाललेली शर्यत, आणि फरक दोन सेकंद! ती शर्यत दुहेरी अंतराची होती, तरी. दोन सेकंदांत टॉवेलची पहिली घडीसुद्धा होत नाही.

आणि दुसरं कारण, मला दुकान आहे. आठवड्याला पाच-सहा तास मी काढू शकते, पंधरा नाही. पंधरा काढले तर ते कुणाच्या तरी वाट्याचे असतील.

तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा हीच. विहिरीत या वेळी पंधरा चकरा सुलट्या, पंधरा उलट्या. भाचा म्हणतो, मग चिंचोके दोन रंगांचे लागतील. आणि ट्रान्झिशनचा सराव घरीच चालू आहे, मागच्या अंगणात. बादलीभर पाणी अंगावर ओतून घ्यायचं, नळापासून पळत तुळशीपर्यंत यायचं, तिथं सायकल उभी. सासूबाई पायरीवर मोबाइल घेऊन वेळ लावतात. त्यांना ते बटण दाबायला फार आवडतं. पहिल्या दिवशी चार मिनिटं झाली, परवा दोन पन्नास.

काल १ मिनिट ५५. टी-शर्ट नाही, मोजे नाहीत, केसांची आधीच घट्ट वेणी. टॉवेलवर नुसते पाय आपटले, तो तसाच चिखलात सोडला आणि फाटकाबाहेर जाऊन सायकलीवर बसले. “आई, किती?” म्हणून ओरडले, तर उत्तर नाही. वळून पाहिलं. मोबाइल पायरीवर ठेवलेला, त्यावर आकडे पळतच होते, आणि त्या तुळशीपाशी उभ्या राहून टॉवेल झटकून त्याची घडी घालत होत्या. ते १ मिनिट ५५ माझ्या मनगटावरच्या घड्याळातलं.